ढेकळावरचा डोंबारी

मार्चमध्ये इंदापूर-करमाळ्याकडच्या एखाद्या नांगरून टाकलेल्या रानात भरदुपारी थांबलं, की डोक्यावरच्या उन्हातून एक बारीक, लांबवलेली शीळ ऐकू येते. वर पाहिलं तर आधी डोळेच दिपतात. हाताचा आडोसा करून शोधत राहिलं, की एक काळा ठिपका सापडतो. भराभर पंख मारत तो चढत असतो. तीसेक मीटर उंची गाठली की पंख मिटतो, चोच खाली करतो आणि सरळ सूर मारतो. शीळ येते ती या सुराबरोबर. खाली येताना मिळालेला वेग तो वाया घालवत नाही. पंख उघडून त्याच वेगावर पुन्हा वर उसळतो, वळतो आणि पुन्हा सूर. असं काही वेळा झालं की शेवटचा सूर जमिनीच्या अगदी जवळ येऊन सपाट होतो आणि पक्षी एका ढेकळावर उतरतो. उतरला की दिसेनासा होतो. आकाशात इतका तमाशा करणारा प्राणी दहा पावलांवरच्या ढेकळावर बसलेला असूनही सापडत नाही, हे पहिल्यांदा पाहणाऱ्याला खरं वाटत नाही.

हा डोंबारी चंडोल. शास्त्रीय नाव एरेमॉप्टेरिक्स ग्रिसियस. लांबी १२-१३ सेंमी, म्हणजे घरचिमणीपेक्षाही लहान. शेपूट आखूड, अंग गोलसर, चोच दाणे फोडणाऱ्या पक्ष्यासारखी जाड. नराची टोपी राखाडी, गाल पांढुरके आणि चोचीपासून डोळ्यातून मागे जाणारा काळा पट्टा. हनुवटीपासून पोटापर्यंतची खालची सगळी बाजू काळी. मादी मातकट तपकिरी, जवळजवळ चिमणीच. गावाकडे अनेकांनी ती शेकडो वेळा पाहिलेली असते आणि चिमणी म्हणून सोडून दिलेली असते. ओळखायची खूण पायात आहे. चिमणी जमिनीवर दोन्ही पाय जुळवून टुणटुण उड्या मारते. चंडोल माणसासारखा एकामागून एक पाऊल टाकत चालतो, घाईत असला तर पळतो. झाडावर तर तो बसतच नाही. बाभळीच्या फांदीवर बसलेली असली तर ती चिमणी, हा हिशेब सहसा चुकत नाही.

पुस्तकांत त्याची गणना गवताळ माळावरच्या पक्ष्यांत होते आणि ती चूक नाही. पण त्याला गवत फारसं नकोच असतं. कमरेइतक्या कुसळीत किंवा दाट मारवेलात तो शोधून सापडणार नाही. त्याला हवी असते गवताच्या दोन झुपक्यांमधली उघडी जागा: मुरूम, खडे, भेगाळलेली काळी माती, मेंढरांनी खाऊन बुटका केलेला चारा, पीक निघाल्यावर मोकळं पडलेलं रान, आटलेल्या तळ्याचा तळ, क्रिकेटचं मैदान, विमानाच्या धावपट्टीची कड. माणूस ज्या जमिनीला बरड म्हणून नाक मुरडतो, तिथे याचा संसार फुलतो. या प्रकरणात पुढे जे काही सांगायचं आहे ते बहुतेक या एका आवडीतून निघतं.

चंडोलांचं कुळ मोठं, सुमारे शंभर जातींचं आहे, आणि त्यातल्या बहुतेक जाती आफ्रिकेत राहतात. उघड्या जमिनीवर जगणं हा या कुळाचा धंदा. त्यांच्या पायाच्या नळीची मागची बाजू इतर गाणाऱ्या पक्ष्यांसारखी धारदार नसते. ती गोल असते आणि तिच्यावर बारीक खवले असतात. चंडोल ओळखण्याची ही शरीरशास्त्राची जुनी खूण आहे. डीएनएच्या अभ्यासाने मात्र या कुळाचा एक अनपेक्षित भाऊबंद समोर आणला. आज चंडोलांचा सर्वांत जवळचा नातलग मानला जातो तो युरोप ते चीनपर्यंतच्या लव्हाळ्यांत राहणारा, मिशाळ चेहऱ्याचा एक छोटा पक्षी. एकाचा जन्म पाणथळीतल्या दाटीत जातो, दुसऱ्याचा तापलेल्या माळावर.

डोंबारी चंडोलाच्या प्रजातीत आठ जाती आहेत. बहुतेक आफ्रिकेतल्या, एक मादागास्करची. काळ्या टोपीचा चंडोल सहारापासून कच्छ-राजस्थानच्या वाळवंटापर्यंत पसरला आहे. आपला डोंबारी तेवढा निव्वळ भारतीय उपखंडाचा: पश्चिमेला सिंधू नदीच्या खोऱ्यापासून पूर्वेला आसामपर्यंत, उत्तरेला हिमालयाच्या पायथ्यापासून दक्षिणेला श्रीलंकेपर्यंत. खऱ्या वाळवंटात तो शिरत नाही, ते काळ्या टोपीवाल्याचं राज्य. डोंगरही त्याला मानवत नाहीत. साधारण हजार मीटरच्या खाली तो राहतो. सह्याद्रीच्या माथ्यावर पावसात भिजणारे सडे त्याच्यासाठी नाहीत. घाट उतरून पूर्वेला आलं, पाऊस ५०० मि.मी.च्या आसपास आला, की याचा मुलूख सुरू झाला असं समजावं.

विज्ञानाच्या वहीत तो दाखल झाला तो मात्र तमिळ प्रदेशातून, आणि तेही जिंजीच्या नावाने. पिएर सोनेरा हा फ्रेंच निसर्ग-अभ्यासक १७७० च्या दशकात पाँडिचेरीच्या परिसरात फिरला. १७८२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्रवासग्रंथात त्याने जिंजीचा राखाडी चंडोल म्हणून या पक्ष्याचं वर्णन केलं, पण लॅटिन नाव दिलं नाही. ते काम १७८६ मध्ये जोवान्नी स्कोपोली या पाव्हियाच्या प्राध्यापकाने घरबसल्या उरकलं. स्कोपोली कधी भारतात आला नव्हता. सोनेराच्या पानांवरचे पक्षी घेऊन त्याने एकामागून एक लॅटिन नावं ठोकून दिली आणि नियमानुसार नावापुढे आजही स्कोपोलीचंच आडनाव लागतं, सोनेराचं नाही. त्यामुळे १६७७ मध्ये शिवाजी महाराजांनी जिंकलेला आणि पुढे राजाराम महाराजांना आठ वर्षं आसरा देणारा जिंजीचा किल्ला या एवढ्याशा पक्ष्याचं शास्त्रातलं मूळ गाव ठरला आहे. किल्ल्यावर जाणाऱ्या मराठी पर्यटकांनी राजगिरीच्या तटावरून खालच्या उघड्या रानाकडेही एकदा नजर टाकायला हरकत नाही.

आता त्या आकाशातल्या खेळाकडे. गाणाऱ्या पक्ष्याला आपला आवाज लांब पोचवायचा असतो आणि त्यासाठी उंच जागा लागते. कोकिळेला आंबा आहे, दयाळाला घराचा पत्रा. माळावर उंच असं काहीच नाही, आणि असलेल्या दोन-चार हिवरांवर डोंबारी बसत नाही. मग उंची स्वतःच कमवावी लागते, पंखांच्या बळावर. चंडोलांच्या बहुतेक जाती हवेत गातात त्यामागे हे साधं कारण आहे. युरोपातला चंडोल एका जागी तरंगत मिनिटंच्या मिनिटं गात राहतो; डोंबाऱ्याचं गाणं त्या मानाने गरीब, एक शीळ आणि थोडी किलबिल. त्याची सगळी मेहनत उड्डाणात आहे. आणि त्या उड्डाणात काळ्या पोटाचा उपयोग होतो. बहुतेक लहान प्राण्यांची पाठ गडद आणि पोट फिकं असतं, कारण वरून पडणाऱ्या उजेडात तसं अंग कमी उठून दिसतं. डोंबारी नराने ही मांडणी उलटी केली आहे. जमिनीवर बसला की वरून दिसते ती राख-मातीच्या रंगाची पाठ, ससाण्याला फसवणारी. हवेत गेला की खालून दिसतं ते पांढऱ्या आभाळासमोरचं काळंकुळकुळीत पोट, मादीच्या आणि शेजारच्या नराच्या नजरेत भरणारं. लपणं आणि मिरवणं ही दोन्ही कामं एकाच पिसाऱ्याकडून, पक्ष्याने कूस बदलावी इतक्या सहज.

हा खेळ फुकटचा नाही. भर उन्हात चढून पुन्हा पुन्हा सूर मारण्याला ताकद लागते, आणि लाल डोक्याच्या ससाण्यासारखा शिकारी आसपास असताना आभाळात काळा ठिपका होऊन मिरवण्याला धाडसही. स्कॉटलंडमध्ये युरोपीय चंडोलांवर झालेल्या आणि १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असं दिसलं, की मर्लिन ससाणा पाठीवर असतानाही जे चंडोल गात राहतात ते कमी पकडले जातात. दम असलेल्यालाच पळताना गाता येतं आणि ससाणाही ते ओळखून पाठलाग सोडतो. डोंबाऱ्याच्या सुरांमागेही ताकद दाखवण्याचा असाच काही व्यवहार असावा, असा तर्क करायला जागा आहे.

घरट्याची गोष्ट याहून नवलाची आहे. त्याला घरटं म्हणणंही अतिशयोक्ती वाटावी इतकं ते साधं: जमिनीत एक उथळ खळगा, आत थोडं गवत, केस, लोकरीचे धागे. खळगा कधी नैसर्गिक, कधी गुराच्या खुराने पडलेला. एखादं ढेकूळ किंवा गवताचं बुटकं झुबकं बाजूला असतं, नसतंही. पण वाकून नीट पाहिलं तर एक कारागिरी दिसते. खळग्याच्या काठाभोवती बारीक खडे आणि मातीचे छोटे गोळे मांडलेले असतात, कधी अर्धवट, कधी चांगलं पूर्ण कडं. जेमतेम १५-२० ग्रॅमचा पक्षी चोचीत खडा उचलून आणतो, ठेवतो, पुन्हा जातो. अशी खड्यांची मांडणी चंडोलांच्या इतरही काही जाती करतात. काठ ढासळू नये, वाऱ्याने आतलं गवत उडू नये, उकरलेली ताजी माती झाकली जावी, अशी कारणं अभ्यासकांनी मांडली आहेत. मार्च-एप्रिलच्या दुपारी माळावर उठणाऱ्या वावटळी पाहिल्या असतील त्यांना वाऱ्याचं कारण लगेच पटेल.

अंडी दोन किंवा तीन, जेमतेम दोन सेंमी लांबीची, मळकट पांढऱ्या रंगावर तपकिरी ठिपके. नर-मादी दोघंही आळीपाळीने बसतात आणि १३-१४ दिवसांत पिल्लं बाहेर येतात. वीण जवळजवळ वर्षभर कुठे ना कुठे चालू असते, तरी जोर फेब्रुवारीपासून पावसाळ्याच्या शेवटापर्यंत. म्हणजे ऐन उन्हाळा त्यात आलाच, आणि इथे अंडी ‘उबवणं’ हा शब्द अपुरा पडतो. एप्रिल-मेच्या दुपारी दख्खनच्या उघड्या मुरमाचा पृष्ठभाग साठ अंशांच्या आसपास तापू शकतो. अंड्यातला जीव चाळिशीच्या थोडं वरचं तापमान फार वेळ सोसत नाही. त्यामुळे सकाळी आणि रात्री अंड्यांना ऊब देणारा तोच पक्षी दुपारी त्यांच्यावर सावली धरून उभा राहतो. पाय किंचित ताठ, पंख अर्धे सोडलेले, चोच उघडी, घसा थरथरतोय. घाम नसलेल्या पक्ष्याला अशा वेळी मुख्यतः धापेतूनच अंगातली उष्णता बाहेर टाकता येते. एकाची पाळी संपली की दुसरा येतो. येताना मात्र थेट घरट्यावर उतरत नाही. बऱ्याच अंतरावर उतरून, थांबत, दाणे टिपल्याचं सोंग करत चालत येतो, म्हणजे वर घिरट्या घालणाऱ्या खरूचीला नेमकी जागा कळू नये. डोंबाऱ्याचं घरटं शोधायचं असेल तर उडणाऱ्या पक्ष्याकडे पाहू नये, चालणाऱ्याकडे पाहावं, असं माळावर फिरणारे जाणकार सांगतात ते यासाठी.

चंडोलांची पिल्लं जन्मतः अगदी उघडी नसतात. पाठीवर मातकट पिवळी लांब लव असते, आणि पिल्लू चिडीचूप दबून बसलं की ती लव वाळक्या गवताच्या चिमटीसारखी दिसते. आई-बाप किडा घेऊन आले की मात्र सगळं बदलतं: चोची उघडतात, आतला रंग भडक आणि जिभेवर काळे ठिपके. ही खूण चंडोलांच्या पिल्लांत सर्रास आढळते. मोठे पक्षी मुख्यतः गवताच्या बिया खात असले तरी पिल्लांना नाकतोडे, अळ्या, भुंगे लागतात. वाढत्या अंगाला प्रथिनं हवीत आणि किड्यांतून पाणीही मिळतं. पंख नीट फुटायच्या आधीच पिल्लं घरटं सोडून आसपासच्या ढेकळांत पांगतात. कारण उघडच आहे. तिघं एका खळग्यात राहिली तर मुंगसाचं एका फेरीत काम होतं. मुंगूस, घोरपड, साप, कावळा, खोकड, आणि अलीकडे सर्वांत जास्त गावातली मोकाट कुत्री, अशी या घरट्यांच्या वैऱ्यांची यादी लांब आहे. जमिनीवर घरटं करणाऱ्या पक्ष्याला बरीच घरटी गमवावी लागतात. त्यावर त्याचा उपाय एकच, घरटं स्वस्त ठेवणं आणि एक गेलं की लवकर दुसरं करणं. सुगरणीसारखं झोपाळ्याचं घर विणत बसला असता तर त्याला हे परवडलं नसतं.

विणीचा हंगाम ओसरला की जोड्या मोडून थवे होतात. हिवाळ्यात ज्वारी-हरभऱ्याच्या मधल्या मोकळ्या पट्ट्यांत पन्नास-शंभर डोंबारी एकत्र चरताना दिसतात आणि रात्री उघड्या जमिनीवरच एकमेकांच्या आसपास बसून झोपतात. त्याच वेळी मध्य आशियातून आखूड बोटांचे चंडोल दख्खनवर उतरलेले असतात, त्यांचे थवे तर शेकड्यांनी. इंग्रजी अमदानीत हे पाहुणे चंडोल जाळ्यांनी पकडून साहेबांच्या जेवणात ‘ऑर्टोलन’ या खोट्या नावाने वाढले जात. खरा ऑर्टोलन हा युरोपातला वेगळाच पक्षी. ताटात सोललेल्या पक्ष्याची जात कोण तपासतो?

दख्खनच्या चंडोलांवर लिहायचं तर विल्यम साइक्स या लष्करी अधिकाऱ्याला टाळता येत नाही. मुंबई सरकारचा सांख्यिकी अहवालक म्हणून १८२४ पासून तो पेशवाई बुडाल्यानंतरच्या दख्खनमध्ये गावोगाव फिरला. लोकसंख्या, पिकं, हवामान मोजता मोजता त्याने पक्षी, मासे, सस्तन प्राणीही गोळा केले आणि १८३२ मध्ये लंडनच्या प्राणिशास्त्रीय सोसायटीच्या वृत्तान्तात दख्खनच्या पक्ष्यांची यादी छापली. तीत एका तुरेवाल्या, तांबूस अंगाच्या चंडोलाला त्याने ‘देवा’ हे नाव दिलं; तोच आजचा साइक्सचा चंडोल, फक्त भारतात आढळणारा आणि दख्खनचा पक्का रहिवासी. गाण्यात मात्र तो डोंबाऱ्याच्या कितीतरी पुढे आहे. इतर पक्ष्यांचे आवाज उचलून तो आपल्या गाण्यात गुंफतो. एकाच रानात दोघं असले की वाटणी साधारण अशी: साइक्सचा जरा गवत-खडकांच्या मिश्र जमिनीवर, डोंबारी तिथून चार पावलं पलीकडे, जिथे काहीच उगवलेलं नाही.

या वाटणीकडे नीट पाहायला हवं, कारण माळ म्हणजे काय हे तिथे कळतं. लांबून पाहणाऱ्याला तो एकसारखा पिवळा पसारा दिसतो. प्रत्यक्षात तो उंचीच्या हिशेबाने तुकड्यातुकड्यांत विभागलेला असतो. पावसाळ्यात तणमोर उंच, दाट गवतात नाचतो. तीरचिमणीला आणि झुडपी चंडोलांना घोट्या-गुडघ्याएवढं गवत चालतं. धाविक, पखुर्डी आणि डोंबारी यांना जमीन उघडी लागते. हिवाळ्यात येणारे भोवत्या जातीचे शिकारी पक्षी या सगळ्या तुकड्यांवरून कमी उंचीवर उडत फिरतात आणि रात्री उंच गवतात जमिनीवरच मुक्काम करतात. उघड्या मुरमावर गळ्याचा निळा-काळा पंखा फुलवणारा सरडाही याच वस्तीतला. २०१६ मध्ये शास्त्रज्ञांनी या सरड्यांच्या एका नव्या प्रजातीला सरळ ‘सरडा’ असंच नाव देऊन टाकलं. तुकडे कोण पाडतं? पाऊस, मातीची खोली, वाळवी, अधूनमधून लागणारा वणवा, आणि शतकानुशतकं इथून मेंढरं हाकत नेणारे धनगर. कळप एका जागेवरून पुढे गेला की मागे बुटकं गवत, लेंड्या आणि खुरांचे खळगे राहतात, आणि त्यातल्या एखाद्या खळग्यात डोंबाऱ्याची अंडी.

हा माळ जंगल तोडून झालेला उजाडपणा आहे, अशी समजूत बरीच जुनी आहे आणि सरकारी कागदपत्रांनी ती घट्ट केली. इंग्रजी महसूलव्यवस्थेत सारा न देणारी जमीन ‘पडीक’ ठरली. इंदापूर तालुक्याचं या इतिहासात खास स्थान आहे. प्रिंगल या अधिकाऱ्याने ठरवलेल्या अवजड साऱ्याने तिथले शेतकरी मोडले, जमिनी ओस पडल्या, आणि १८३५ मध्ये गोल्डस्मिड व विंगेट यांनी तिथूनच नवी मोजणी सुरू केली. सारा उतरवायचा आणि पडीक जमीन पुन्हा नांगराखाली आणायची, हा तिचा हेतू. ती पद्धत पुढे मुंबई इलाख्यात सर्वत्र गेली. स्वतंत्र भारतातही दृष्टी फार बदलली नाही. केंद्र सरकारचा ‘वेस्टलँड अ‍ॅटलास’ २००० पासून प्रसिद्ध होतो आणि त्यात झुडपी-गवताळ माळांचा मोठा भाग पडीक जमिनींतच मोडतो. दुसरीकडे आशिष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील या संशोधकांनी अलीकडे एक वेगळाच पुरावा काढला. तेराव्या शतकापासूनच्या मराठी साहित्यात, लोककथांत आणि ओव्यांत येणारी झाडं-गवतं त्यांनी तपासली, आणि त्यांत घनदाट जंगलाच्या झाडांपेक्षा माळाच्या काटेरी, विरळ वनस्पतींचाच भरणा जास्त निघाला. म्हणजे साडेसातशे वर्षांपूर्वीही हा प्रदेश साधारण असाच, उघडा होता. डोंबाऱ्याला हे कुणी सांगायला नको होतं. उघड्या जमिनीला इतकं मुरलेलं शरीर शे-दोनशे वर्षांत तयार होत नाही.

पडीक ठरलेल्या जमिनीचं भलं करायला मग सगळेच धावतात. वनखात्याने अनेक माळांवर सलग समतल चर खोदले, ग्लिरिसिडिया, सुबाभूळ, निलगिरी लावली. हेतू चांगला होता, पाणी मुरावं, हिरवळ वाढावी. पण चराच्या मातीच्या बांधांवर रोपं वाढली की माळाची सलगता मोडते, शिकारी पक्ष्यांना आणि कावळ्यांना बसायला जागा होते, आणि जमिनीवर घरटं करणाऱ्यांवर पाळत सुरू होते. संरक्षणाचा प्रयत्नही सोपा गेला नाही. १९७९ मध्ये सोलापूर-अहमदनगर पट्ट्यातलं सुमारे साडेआठ हजार चौ. किमी क्षेत्र माळढोक अभयारण्य म्हणून जाहीर झालं. त्यात गावंच्या गावं आणि खाजगी शेती आली, लोकांचा राग आला, आणि पुढे ते क्षेत्र सव्वाबाराशे चौ. किमीच्या आसपास आणलं गेलं. या अभयारण्यातल्या नान्नजला आता माळढोक दिसणं ही बातमी होते. याउलट कर्जतजवळचं रेहेकुरी (१९८०) सव्वादोन चौ. किमीपेक्षाही लहान आणि सुप्याचं मयूरेश्वर (१९९७) पाच चौ. किमीच्या जरा वर. दोन्ही तुकडे एवढेसे, तरी चिंकाऱ्या-काळविटांबरोबर चंडोलांनाही त्यांचा आधार मिळाला.

२०२३ च्या ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स’ अहवालात तीस हजारांच्या आसपास पक्षिनिरीक्षकांच्या तीन कोटी नोंदी वापरल्या गेल्या, आणि त्यात केवळ गवताळ माळांवर अवलंबून असलेल्या पक्ष्यांची संख्या निम्म्याहून खाली आल्याचं दिसलं. डोंबारी चंडोल या संकटातल्या पक्ष्यांत पुढच्या रांगेत नाही. जागतिक यादीत तो चिंता नसलेल्या जातींत आहे. आणि इथेच एक घोटाळा होतो. माळावर जाऊन दुपारभरात तीस-चाळीस डोंबारी मोजले, म्हणून माळ ठीक आहे असं मानण्याचा मोह होतो. पण हा पक्षी मोडलेल्या माळावरही राहतो. गवत पुरतं खरवडून गेलं, तणमोर गेला, तीरचिमण्या गेल्या, तरी डोंबारी असतोच. उलट काही वर्षं वाढतोही. माळाची तब्येत बघायची तर त्याच्याबरोबर उंच गवतातले पक्षी आहेत का ते पाहायला हवं. एकट्या डोंबाऱ्याची साक्ष धरू नये.

त्यालाही न पेलणाऱ्या गोष्टी आहेतच. ऊस हे त्यातलं पहिलं. उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झालं आणि इंदापूर-करमाळ्यातल्या बाजरी-ज्वारीच्या कोरडवाहू रानांना पाणी मिळालं. शेतकऱ्याने ऊस लावला यात त्याचा दोष काढता येत नाही. ज्याने दुष्काळ भोगला तो पाणी आल्यावर बाजरी का पेरेल? पण वर्षभर दाट उभ्या उसात उघडी जमीन उरत नाही आणि डोंबारी तिथून निघून जातो. ज्वारीचं तसं नव्हतं. पीक निघालं की जमीन महिनोन्‌महिने मोकळी असे, मेंढरं बसवली जात, पडलेल्या दाण्यांवर चंडोल जगत. दुसरी गोष्ट एन.ए. प्लॉटिंगची. पुणे-सोलापूर रस्त्यालगत माळ सपाट करून दगडी खुणा पुरलेले प्लॉट दिसतात. पहिली चार-पाच वर्षं ते विकले जाईपर्यंत डोंबाऱ्यांची चंगळ असते. मग कुंपण, बोअर, हिरवळ आणि कुत्रा.

उजनीने घेतलं तसं थोडं परतही दिलं आहे. उन्हाळ्यात जलाशय उतरायला लागला की मैलोन्‌मैल भेगाळलेला गाळ उघडा पडतो. गावकरी या गाळपेर जमिनीवर झटपट येणारी पिकं घेतात, आणि उरलेल्या उघड्या पट्ट्यांवर डोंबाऱ्यांच्या जोड्या येऊन सूर मारायला लागतात. मे अखेरपर्यंत अंडी घातली तर पिल्लं वेळेत निघून जातात. उशीर झाला तर पुण्याकडच्या धरणांतून सोडलेलं पाणी भीमेतून खाली येतं, काठ वर चढतो आणि खळगा बुडतो. मग जोडी काठावरच्या मुरमाड वाटेच्या कडेला, खडी केंद्राच्या आवारात किंवा आठवडी बाजाराच्या मोकळ्या पटांगणात नवा खळगा शोधते, आणि नर पुन्हा वर चढतो.